ठोकळ्यांच्या जहाजाची कूस

डोलकाठ्या सोडल्या तर जुन्या शिडाच्या जहाजात सरळ रेघ शोधून सापडत नाही. नाळ पुढे निमुळती होत जाते. कूस पाण्याजवळ फुगते आणि वर येताना पुन्हा आत कलते. डेकची कडसुद्धा सपाट नसते, ती मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उचललेली असते. लेगोचा ठोकळा मात्र सगळाच काटकोनाचा. तरीही जगभरात कितीतरी मोठी माणसं फावल्या वेळात याच काटकोनांतून शिडाची जहाजं उभी करतात, आणि तीही खेळण्यातली वाटावीत अशी नव्हे, तर नौकानयनाच्या अभ्यासकानं जवळ जाऊन पाहावीत अशी.

छंदांवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी हा छंद निवडला तो मुंबईमुळे. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचा देह मलबारी सागवानाचा. ब्रिटिश आरमाराची ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगत आहे, आणि अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत तीच सर्वांत जुनी. आपल्या गोदीतल्या सुतारांनी सागवानाला दिलेलं वळण प्लास्टिकच्या ठोकळ्यांत आणायचं तर काय काय करावं लागेल, हा प्रश्न घेऊन मी या बांधणाऱ्यांच्या कामाकडे पाहू लागलो.

लेगोचा इतिहास थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियानसन या सुतारानं १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आजचा ठोकळा, म्हणजे वर गोल स्टड आणि खाली त्यांना पकडणाऱ्या नळ्या, याच्या पेटंटचा अर्ज त्याचा मुलगा गॉटफ्रेड यानं २८ जानेवारी १९५८ रोजी केला. १९६३ पासून ठोकळे एबीएस या कठीण प्लास्टिकचे होऊ लागले. जहाजांच्या दृष्टीनं महत्त्वाचं साल १९८९. त्या वर्षी चाच्यांची मालिका आली आणि तिच्यात ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ हे मोठं शिडाचं जहाज होतं. तोवर लेगोच्या सगळ्या बाहुल्यांच्या चेहऱ्यावर तेच एक हसू असायचं. या चाच्यांना मिशा मिळाल्या, डोळ्यावर पट्टी मिळाली, लाकडी पाय आणि हाताच्या जागी आकडा मिळाला. आज जहाजं बांधणाऱ्यांपैकी अनेकांच्या बालपणात हे जहाज कुठेतरी आहे.

त्या जहाजाचा खालचा देह तयार मिळायचा. नाळ, मधला भाग आणि पिछाडी असे मोठे साचेबद्ध तुकडे एकमेकांना जोडले की वळणदार जहाज तयार. मधले तुकडे आणखी जोडले तर जहाज हवं तितकं लांब करता येतं. कित्येक जण इथूनच सुरुवात करतात आणि कित्येक जण इथेच समाधानी राहतात. मुलांसाठी ही युक्ती उत्तम होती आणि तिला कमी लेखण्याचं कारण नाही. पण थोडी आकडेमोड केली की तिची मर्यादा दिसते.

लेगोची बाहुली सुमारे ४ सेंटिमीटर उंच. तिला साडेपाच फुटी खलाशी मानलं तर प्रमाण १:४२ च्या आसपास येतं. त्रिंकोमालीच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट आणि जहाजाची रुंदी सुमारे ४० फूट. या प्रमाणात लांबी ११० सेंटिमीटरच्या जवळ जाते आणि रुंदी २९ सेंटिमीटर होते. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे रुंदी ३६ स्टड. तयार देहाची रुंदी १६ स्टड. त्या मापानं खरं जहाज जेमतेम साडेसतरा फूट रुंद ठरेल. मधले तुकडे जोडून लांबी गाठता येते, रुंदी मात्र जागची हलत नाही आणि फ्रिगेटीची होडी होते. म्हणून ज्याला खरी फ्रिगेट हवी त्याला तयार देह बाजूला ठेवून कूस ठोकळ्या-ठोकळ्यानं रचावी लागते. या छंदातलं सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात सुंदर वाटलेलं काम हेच.

ठोकळे विटांसारखे एकावर एक रचून एक स्टड जाडीची लांब भिंत बांधली, तर ती थोडी वाकते. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट असते आणि लांब भिंतीत अशा शेकडो फटी मिळून वळण देतात. दोन स्टडचा ठोकळा आणि एक स्टडचा गोल ठोकळा असे आलटून पालटून लावले तर भिंतीचं पूर्ण वर्तुळसुद्धा होतं. म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणारी नाळेकडची निमुळती रेघ साधते. पण हीच भिंत बाजूनं पाहा. तिचे थर पट्टीनं आखल्यासारखे आडवे असतात. डेकच्या कडेला हवा असलेला तो झोका, मध्ये खोल आणि टोकांना वर, तिला देता येत नाही, कारण त्या दिशेला ठोकळे एकमेकांना घट्ट धरून असतात. एकेका प्लेटची, म्हणजे पातळ चपट्या ठोकळ्याची, पायरी करत वर चढता येतं. प्लेट ३.२ मिलिमीटर जाड, म्हणजे १:४२ मध्ये साडेतेरा सेंटिमीटर. तोफांच्या खिडक्यांची रांग अशा पायऱ्यांनी चढताना दिसली की जहाजाचा डौलच जातो.

मग भिंत आडवी पाडायची. पातळ प्लेटींचा मोठा पत्रा करायचा आणि स्टड बाहेर किंवा आत वळवून तो सांगाड्यावर उभा टेकवायचा. हा पत्रा वरच्या बाजूला आत कलवता येतो, बिजागरीवर हवा तेवढा तिरपा करता येतो, त्यामुळे कुशीचा फुगवटा मिळतो. पण आता नाळेकडचं सलग वळण अवघड होतं आणि पत्र्यांच्या जोडांवर भेगा दिसू लागतात. एक वळण घेतलं की दुसरं हातचं जातं. लाकडाच्या फळीला वाफ देऊन एकाच वेळी वाकवताही येतं आणि पिळताही येतं. ठोकळ्याला ते जमत नाही, त्यामुळे कोणतं वळण राखायचं आणि कोणतं नुसतं सुचवायचं हे बांधणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. एखाद्या जहाजाची कूस पाहिली की त्याच्या मालकानं काय ठरवलं ते कळतं.

यातून काढलेला एक मार्ग मला फार आवडला. कूस लांबीत तीन-चार भागांत तोडायची, प्रत्येक भाग सपाट बांधायचा आणि सांगाड्यावर बसवताना पुढचा भाग नाळेकडे किंचित वर, मागचा भाग पिछाडीकडे किंचित वर, असा अंशा-दोन अंशांनी कलवायचा. जोड येतात ते तोफांच्या खिडक्यांच्या कडेला किंवा डोलकाठीचे दोर जिथे कुशीला बांधले जातात त्या फळीमागे, म्हणजे खऱ्या जहाजावरही नजर अडकते तिथेच. दुरून पाहणाऱ्याला सलग झोका दिसतो.

हे सगळं पेलायला आत कणा आणि फासळ्या लागतात, आणि इथे बांधणारे नकळत गोदीतल्या सुतारांच्याच क्रमानं जातात: आधी कणा, मग फासळ्या, मग कूस. फासळ्यांसाठी लेगोच्याच ‘टेक्निक’ मालिकेतल्या भोकं असलेल्या पट्ट्या वापरतात. आडवे आणि उभे भाग एकमेकांत बसतात ते एका साध्या हिशेबावर: पाच प्लेटींची जाडी १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टड. या एका समीकरणावर अख्खं आडवं बांधकाम उभं आहे. दोन प्लेटींचा थर १:४२ मध्ये सुमारे २७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे कुशीवरच्या फळीइतका, आणि म्हणून चांगल्या जहाजावर थरांच्या रेघा फळ्यांच्या सांध्यांसारख्या वाचता येतात. ज्याला पाण्याखालचा भाग नको तो जहाज पाण्याच्या रेषेवर कापून टेबलावर ठेवतो. माझी पसंती कण्यापर्यंत बांधलेल्या जहाजाला, कारण शिडाच्या जहाजाचा वेग त्या झाकलेल्या भागातच ठरतो.

कोणत्या सालचं जहाज बांधायचं, हेही आधी ठरवावं लागतं. त्रिंकोमालीच्या तोफा १८४५ मध्ये कमी केल्या गेल्या आणि तिच्या पिछाडीचा आकार बदलला. १८१७ ची मुंबईहून निघालेली त्रिंकोमाली आणि नंतरची त्रिंकोमाली मागून पाहिल्यावर दोन वेगळी जहाजं आहेत.

कूस जमली की काम संपलं असं वाटतं, आणि खरी चिंता तिथून सुरू होते. संगणकावर ठोकळे जुळवून आराखडा करण्याची चांगली साधनं आज फुकट मिळतात, पण त्या पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं आणि दोराला ताण नसतो. खऱ्या जहाजात डोलकाठी एका बाजूला पुढच्या दोरांनी आणि दुसऱ्या बाजूला मागच्या व कुशीच्या दोरांनी खेचलेली असते. हे सगळे ताण एकमेकांना तोलतात म्हणून ती उभी राहते. ठोकळ्यांच्या डोलकाठीला हाच ताण दिला की ती वाकते, कारण स्टडची पकड दाबाखाली पक्की असली तरी कलत्या ओढीला लवकर सुटते. उपाय म्हणून डोलकाठीच्या पोटात टेक्निकचा दांडा घालून तिचं बूड डेकमधून खाली थेट कण्यापर्यंत नेतात. तरीही प्लास्टिक सतत ताणाखाली हळूहळू सैलावतं. बांधलं त्या दिवशी तारेसारखे ताठ असलेले दोर काही महिन्यांनी लोंबू लागतात. ते पुन्हा ताणावेत तर आतल्या सांध्यांवर भार येतो. बरेच जण म्हणून दोर मुद्दाम किंचित ढिले ठेवतात, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

त्याहून दुखरी गोष्ट रंगाची. लाकडी जहाज तपकिरी असणार हे उघड आहे, आणि नेमका तपकिरीच दगा देतो. सुमारे २००८ ते २०१८ या काळातले लालसर तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल ठोकळे तडकतात, ही तक्रार बांधणाऱ्यांमध्ये जगभर आहे. ठोकळा जुन्या जहाजातून काढताना तो बोटांत दोन तुकडे होऊन येतो. दहा वर्षांपूर्वी बांधलेलं जहाज दुरुस्तीसाठी उघडायचं की नाही, हा प्रश्न त्यामुळे साधा राहत नाही. १९८९ च्या पिढीचं आणखी एक दुखणं आहे: २००४ च्या सुमारास लेगोनं जुना तपकिरी आणि जुना राखाडी बंद करून नव्या छटा आणल्या. जुन्या जहाजाला नवं ठिगळ लावलं की ते लांबूनही कळतं. उन्हात ठेवलेला पांढरा पिवळा पडतो, ते तर प्रत्येक घरातलं.

आपल्याकडे आणखी एक भिंत आहे. मोठ्या जहाजाला एकाच प्रकारच्या प्लेटी शेकड्यांनी लागतात. त्या डब्याडब्यांतून जमवता येत नाहीत, सुट्या विकणाऱ्यांकडून मागवाव्या लागतात आणि ते बहुतेक परदेशात आहेत. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. देशी खेळणी उद्योगाला आधार देण्याचा त्यामागचा हेतू मी समजू शकतो. पण सुटे तपकिरी ठोकळे मागवून वाडियांच्या फ्रिगेटीची कूस रचू पाहणाऱ्या माणसाला हा शुल्काचा बोजा सोसावा लागतो, आणि तो कणा-फासळ्यांच्या पुढे जायला कचरतो. मुंबईच्या गोदीत बांधलेलं जहाज मुंबईत ठोकळ्यांनी पुन्हा बांधणं हे लंडनपेक्षा महाग पडावं, याची मला मनापासून खंत आहे.

शिडांचा वाद मात्र पैशांचा नाही. कंपनीच्या संचांत कापडी शिडं येतात, पण ३६ स्टड रुंदीच्या फ्रिगेटीला पुरतील एवढी मोठी नसतात. काही जण सुती कापड मापानं कापून, कडा दुमडून शिवतात. ठोकळ्यांखेरीज काहीही वापरायचं नाही असं मानणारे शिडंसुद्धा पांढऱ्या वक्र ठोकळ्यांची करतात, आणि त्या वजनानं डोलकाठीवरचा भार कितीतरी वाढतो. तिसरे शिडं गुंडाळून आडव्या काठ्यांना बांधून ठेवतात, त्यामुळे डेकवरचं सगळं काम पाहणाऱ्याला दिसतं. मी कापडाच्या बाजूचा आहे. मलबारी सागवानाच्या त्या जहाजाला खलाशांनी कापडाच्याच शिडांनी समुद्रात नेलं होतं, आणि हातानं शिवलेल्या कापडामुळे ठोकळ्यांच्या कामाचा मान तसूभरही कमी होत नाही.