ओपीटीच्या भरवशावर काढलेलं कर्ज

अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या मुलाच्या घरी पैशाचा हिशेब मांडला जातो, तेव्हा फीचा आकडा विद्यापीठाच्या पत्रातून येतो आणि कर्जाचा बँकेच्या मंजुरीपत्रातून. हे दोन्ही आकडे पक्के असतात. तिसरा आकडा, म्हणजे पदवीनंतर तिथं मिळणारा तीन वर्षांचा पगार, कुणीही लिहून दिलेला नसतो आणि तरी सगळा डोलारा त्याच्यावरच उभा राहतो. ही तीन वर्षं म्हणजे ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’, सगळ्यांच्या तोंडी बसलेली ओपीटी. त्यातलं एक वर्ष कुठल्याही शाखेच्या पदवीधराला मिळू शकतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, म्हणजे ‘स्टेम’ शाखांना आणखी दोन वर्षं मागता येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की, अमेरिकी नियमांच्या रचनेत ओपीटी हा शिक्षणाचाच शेवटचा टप्पा आहे आणि त्याकडे तसंच पाहायला हवं. नोकरीचा परवाना समजून तिच्या बळावर कर्ज काढणारी घरं फार मोठी जोखीम पत्करत आहेत, आणि तिची कल्पना त्यांना कुणी नीट दिलेली नसते.

ही जोखीम किती जणांची आहे? ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी १,४३,७४० जण वर्गात बसत नव्हते, ते ओपीटीवर काम करत होते. म्हणजे दर पाच भारतीय ‘विद्यार्थ्यां’मागे जवळपास दोन. त्याच वर्षी पदव्युत्तर वर्गांतल्या भारतीयांची संख्या मात्र घटली. आधी मोठ्या संख्येनं गेलेली मुलं आता पदवी घेऊन बाहेर पडत आहेत आणि सगळी एकाच वेळी या अरुंद दारापाशी येऊन उभी आहेत.

या दाराचा पाया कशाचा आहे, ते इतिहासातून कळतं. परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणाला जोडून प्रत्यक्ष काम करू देण्याची प्रथा तिथं १९४० च्या दशकापासून आहे. आजच्या स्वरूपातली बारा महिन्यांची ओपीटी आली १९९२ मध्ये, आणि ती आली प्रशासनाच्या नियमातून. अमेरिकी काँग्रेसनं तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. २००८ मध्ये बुश सरकारनं स्टेमसाठी १७ महिन्यांची मुदतवाढ दिली, पण लोकांच्या हरकती आणि सूचना न मागवताच. तंत्रज्ञांच्या ‘वॉशटेक’ या संघटनेनं दावा लावला आणि २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयानं नेमक्या याच कारणावरून तो नियम रद्द ठरवला. निकालाची अंमलबजावणी काही महिने थांबवली म्हणूनच हजारो मुलं एका रात्रीत बेकायदा ठरण्यापासून वाचली. त्या मुदतीत ओबामा सरकारनं रीतसर सूचना मागवून नवा नियम केला आणि मे २०१६ पासून १७ चे २४ महिने झाले. संघटना पुन्हा न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयानं बहुमतानं ओपीटी वैध ठरवली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. निकालाचा रोख समजून घेण्यासारखा आहे. या कामाचा विद्यार्थ्याच्या अभ्यासाशी वाजवी संबंध आहे, म्हणून सरकारला अशी परवानगी देता येते, असं न्यायालयानं म्हटलं. सरकारनं ती दिलीच पाहिजे, असं कुठंही म्हटलेलं नाही. मे २०२५ मध्ये सिनेटसमोरच्या सुनावणीत जोसेफ एडलो यांनी शिक्षण संपल्यानंतरची ही कामाची मुभा काढून घेण्याच्या बाजूनं मत मांडलं. तेच पुढं स्थलांतर अर्ज हाताळणाऱ्या ‘यूएससीआयएस’ या खात्याचे प्रमुख झाले.

नियमांचा तपशील पाहिला की ओपीटीचं शैक्षणिक रूप आणखी ठसठशीत दिसतं. समजा, अभ्यासक्रम मेच्या मध्यावर संपतो. अर्ज त्याआधी ९० दिवसांपासून त्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो, पण अर्जापूर्वी विद्यापीठातल्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं, म्हणजे डीएसओनं, तशी शिफारस करावी लागते आणि शिफारशीपासून ३० दिवसांत अर्ज पोहोचावा लागतो. मग ईएडी नावाचं, कामाच्या परवानगीचं कार्ड येतं. त्यावर १ जुलै ही सुरुवातीची तारीख असेल, तर त्या दिवसापासून नोकरी नसलेला प्रत्येक दिवस बेकारीचा म्हणून मोजला जातो. पहिल्या वर्षात असे एकूण ९० दिवसच माफ आहेत. म्हणजे नोकरी मिळालीच नाही, तर २८ सप्टेंबरला कोटा संपतो आणि देशात राहण्याचा आधार जातो. स्टेमची मुदतवाढ मिळाली तर आधीचे धरून एकूण १५० दिवस. विशेष म्हणजे, पहिल्या वर्षात अभ्यासाशी संबंधित बिनपगारी कामसुद्धा, आठवड्याला किमान २० तास केलं आणि त्यात कामगार कायदा मोडत नसेल, तर चालतं. परवाना कमाईचा असता तर बिनपगारी काम त्यात बसलंच नसतं. स्टेमच्या दोन वर्षांत पगार आवश्यक आहे, पण सोबत आय-९८३ हा आराखडाही भरावा लागतो. विद्यार्थी काय शिकणार, ते त्याच्या पदवीशी कसं जोडलेलं आहे, देखरेख कोण करणार, हे सगळं त्यात लिहून कंपनीनं सही करायची आणि वर्षभरानं व शेवटी मूल्यमापन द्यायचं. कॉलेजच्या प्रोजेक्टला गाइड असतो, तसाच हा प्रकार आहे. एमबीए किंवा अर्थशास्त्राला निघालेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. शाखा स्टेम आहे की नाही, हे पदवीच्या नावावर ठरत नाही, विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावरच्या सीआयपी सांकेतिक क्रमांकावर ठरतं. एकाच नावाची पदवी एका विद्यापीठात स्टेम असते आणि दुसऱ्यात नसते. दोघांच्या पदरात पडणाऱ्या मुदतीत दोन वर्षांचा फरक पडतो.

शिक्षणाशी असलेलं हे नातं तोडून फक्त कामाची मुभा विकणारा एक बाजार मात्र उभा राहिला आहे, आणि त्याचा फटका आपल्याच मुलांना बसतो. शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या कामाला सीपीटी म्हणतात. त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. डीएसओ आय-२० वर ठरावीक कंपनीसाठी, ठरावीक तारखांपुरती नोंद करतो. ओपीटी संपली आणि एच-१बी हा कामाचा व्हिसा सोडतीत लागला नाही, की दुसऱ्या एमएसला नाव घालून पहिल्या दिवसापासून सीपीटीवर पूर्णवेळ काम करायचं, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीवर नवी ओपीटी मिळत नाही, म्हणून ही पळवाट. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चं बिंग फुटलं, तेव्हा या वाटेच्या टोकाला काय आहे ते दिसलं. तिथं वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. विद्यापीठ चालवत होते स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘आयसीई’ या खात्याचे अधिकारी, वेश पालटून. सुमारे ६०० विद्यार्थी त्यात अडकले. बहुतेक भारतीय होते आणि त्यांत तेलुगू भाषक मोठ्या संख्येनं होते. सरकारनं असा सापळा लावावा का, हा प्रश्न रास्तच आहे आणि मला ते कृत्य अन्यायाचं वाटतं. वेबसाइट आणि अधिकृत मान्यता पाहून फी भरणारा प्रत्येक जण लबाड नव्हता. पण त्यांतल्या अनेकांचं अमेरिकेतलं भवितव्य तिथंच संपलं.

यावर घरोघरी मिळणारं उत्तर ठाऊक आहे: नियम काहीही म्हणोत, मुलं जातात ती नोकरीसाठीच, आणि ओपीटी नसेल तर एवढी फी भरून जाईल कोण? यात तथ्य आहे. पण उद्देश नोकरीचा आहे म्हणून हमी तयार होत नाही. ओपीटीनंतरची पायरी एच-१बीची, आणि वर्षाला नव्या जागा ८५ हजार. २०२६ च्या वित्तवर्षासाठी सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या झाल्या, निवडल्या गेल्या सुमारे १ लाख २० हजार. आता त्या सोडतीत वरच्या वेतनश्रेणीला झुकतं माप देणारा नियम आला आहे, आणि नुकताच पदवीधर झालेला मुलगा त्या उतरंडीत तळाला असतो. दुसरा आक्षेप अमेरिकी टीकाकारांचा. ओपीटीवरचा विद्यार्थी करासाठी अनिवासी असेपर्यंत, साधारण पहिली पाच वर्षं, त्याला आणि कंपनीला सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरचा कर भरावा लागत नाही. कंपनीचे पगाराच्या ७.६५ टक्के वाचतात, म्हणून स्थानिक पदवीधर मागं पडतो, असं ते म्हणतात. ही तक्रार पोकळ नाही. त्यावर उपाय कराच्या कायद्यात आहे. तो कर खुशाल लावावा, पण त्यासाठी प्रशिक्षणच बंद करण्याचं कारण नाही. शिकलेलं प्रत्यक्षात वापरून पाहिल्याशिवाय अभियंता घडत नाही, हे तिथल्या विद्यापीठांनाही मान्य आहे. राहिला तिसरा मुद्दा, की मग इंग्लंडला जावं. इंग्लंडनं पदवीनंतर काम करण्याची मुभा २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये पुन्हा दिली, आणि आता १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांची मुदत दीड वर्षावर आणली आहे. म्हणजे तिथंही तेच.

कर्जाचा हिशेब म्हणून उलट्या टोकानं मांडायला हवा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं सुरू होते. मूळ ओपीटीही नेमकी एक वर्षाचीच. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा सगळी भिस्त पुढच्या मुदतवाढीवर असते. ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण ५५ हजार रुपये होतो, आणि अभ्यासाच्या काळात साचलेलं व्याज वेगळं. पुण्यात किंवा नागपुरात परतून मिळणाऱ्या पहिल्या पगारातून हा हप्ता जाईल का, हे तारण म्हणून फ्लॅटचे कागद बँकेत देण्याआधी पाहावं. जात नसेल, तर कमी फीचं सरकारी विद्यापीठ, असिस्टंटशिप मिळण्याची शक्यता असलेला विभाग, किंवा इथं दोन वर्षं नोकरी करून गाठीला पैसा आणि अनुभव बांधून मग निघणं, हे पर्याय खुले आहेत. त्या अनुभवाचा फायदा तिथं पहिली नोकरी शोधताना, ९० दिवसांचं घड्याळ चालू असतानाही होतो.