कार्बोक्सीथेरपी : त्वचेखाली सोडलेला वायू काय साधतो?

श्वासावाटे शरीर जो वायू बाहेर टाकते, तोच वायू बारीक सुईने त्वचेखाली सोडून ती टवटवीत करण्याचा उपचार म्हणजे कार्बोक्सीथेरपी. मोठ्या शहरांतील सौंदर्योपचार केंद्रांत डोळ्यांखालची काळी वर्तुळे, बारीक सुरकुत्या, बाळंतपणानंतर पोटावर उरलेले चट्टे आणि मांड्यांवरील चरबीचे उंचवटे यांसाठी हा उपचार सुचवला जातो. त्यामागील शरीरशास्त्र खरे आहे. मात्र या उपचाराकडून ठेवल्या जाणाऱ्या सर्वच अपेक्षांना त्या शास्त्राचा आधार मिळतो असे नाही.

झऱ्यापासून सौंदर्यालयापर्यंत

या उपचाराचा उगम सौंदर्यासाठी झालेला नाही. फ्रान्सच्या मध्यभागी, क्लेरमाँ-फेराँ शहराजवळ, रुआया हे खनिज झऱ्यांचे गाव आहे. ज्वालामुखी प्रदेशातील या झऱ्यांच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विपुल प्रमाणात असतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन रक्तपुरवठा मंदावलेल्या रुग्णांवर तेथे 1930 च्या दशकात या वायूने उपचार होऊ लागले. प्रथम वायूचे स्नान आणि पुढे त्वचेखाली वायू सोडणे, असा हा प्रवास झाला. रक्ताभिसरण सुधारावे, एवढाच त्यामागील हेतू होता. सौंदर्योपचारांत या पद्धतीचा प्रवेश बऱ्याच काळानंतर झाला.

वायू नेमके काय करतो?

शरीरातील प्रत्येक पेशी काम करताना कार्बन डायऑक्साइड निर्माण करते. विश्रांतीच्या स्थितीतही प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दर मिनिटाला सुमारे 200 मिलिलिटर एवढा हा वायू तयार होतो. एखाद्या भागात त्याचे प्रमाण वाढले की तेथील पेशींना अधिक प्राणवायूची गरज आहे, असा तो संकेत ठरतो. त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताचा ओघ वाढतो.

याला आणखी एका क्रियेची जोड मिळते. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने रक्ताची आम्लता किंचित वाढते आणि हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड सैल होते. त्यामुळे पेशींना अधिक प्राणवायू उपलब्ध होतो. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ क्रिस्टियन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904 मध्ये ही क्रिया मांडली. ती आज 'बोर परिणाम' या नावाने ओळखली जाते. कार्बोक्सीथेरपीत हीच नैसर्गिक क्रिया बाहेरून वायू देऊन घडवून आणली जाते.

वायूच्या दाबाने त्वचेचे थर किंचित विलग होतात आणि सुईमुळे सूक्ष्म इजा होते. ती भरून काढताना शरीर नवे कोलॅजेन तयार करते. त्वचेला घट्टपणा देणारे हे प्रथिन वयानुसार कमी होत जाते. उंदरांच्या त्वचेत हा वायू सोडल्यावर कोलॅजेनची उलाढाल वाढते, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

साधी हवा का चालत नाही?

हवेत मुख्यतः नायट्रोजन असतो आणि तो रक्तात फारसा विरघळत नाही. त्याचा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरल्यास ती बंद होण्याचा धोका असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र प्राणवायूच्या सुमारे वीस पट अधिक विद्राव्य आहे. तो रक्तात मिसळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. दुर्बिणीद्वारे पोटाची शस्त्रक्रिया करताना पोट फुगवण्यासाठी हाच वायू वापरतात, त्याचे हेही एक कारण आहे.

उपचाराची पद्धत

वैद्यकीय दर्जाचा वायू सिलिंडरमधून एका यंत्रात येतो. त्याचा वेग, प्रमाण आणि तापमान हे यंत्र नियंत्रित करते. तेथून निर्जंतुक नळी आणि अतिशय बारीक सुईवाटे तो त्वचेखाली सोडला जातो. पापण्यांच्या नाजूक भागात अगदी थोडा वायू संथपणे देतात, तर पोट किंवा मांड्यांसाठी प्रमाण बरेच अधिक असते. वायू शिरताना ताण, उष्णता आणि टोचल्यासारखी वेदना जाणवते. त्वचा काही काळ फुगते आणि दाबल्यास बोटांखाली कुरकुरल्यासारखे वाटते. एका बैठकीने उपचार संपत नाही. साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे अनेक बैठका घ्याव्या लागतात.

पुरावा काय सांगतो?

इटलीतील संशोधकांनी 2001 मध्ये 48 स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारानंतर मांड्या, गुडघे आणि पोट यांचा घेर कमी झाल्याचे त्यात नोंदवले होते. इटलीतीलच 2012 च्या एका अभ्यासात डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि काळसरपणा घटल्याचे आढळले. हे निष्कर्ष आशादायक असले, तरी निव्वळ उपचाराआधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिल्याने फरक उपचारामुळेच पडला, असे ठामपणे म्हणता येत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी महत्त्वाची आहे. तिच्यात 16 व्यक्तींच्या पोटाच्या एका बाजूला वायू देण्यात आला, तर दुसऱ्या बाजूला उपचाराचा केवळ आभास निर्माण करण्यात आला. पाच आठवड्यांनंतर वायू दिलेल्या बाजूची चरबी अल्प प्रमाणात कमी भरली. मात्र 28 व्या आठवड्यात दोन्ही बाजूंत फरक उरला नव्हता. ही चाचणी चरबीपुरती आणि लहान होती. तरीही उपचार संपल्यावर परिणाम किती काळ टिकतो, हा प्रश्न तिने ठळकपणे पुढे आणला.

काळी वर्तुळे एका प्रकारची नसतात

डोळ्यांखालचा काळेपणा कधी पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे असतो, कधी रंगद्रव्य साचल्यामुळे, तर कधी खोलगट भागाच्या सावलीमुळे. अनेकदा ही कारणे एकत्र असतात. रक्ताभिसरण सुधारणाऱ्या उपचाराचा लाभ मुख्यतः पहिल्या प्रकारात संभवतो. भारतीयांमध्ये रंगद्रव्यामुळे आलेला आणि बऱ्याचदा आनुवंशिक असलेला काळेपणा मोठ्या प्रमाणावर आढळतो. वायूने तो पुसला जाईल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य ठरत नाही. त्वचारोगतज्ज्ञ खालची पापणी हलकेच ताणून आणि प्रकाशाची दिशा बदलून कारणाचा अंदाज घेतात. निदानाशिवाय बैठकांचे पैसे भरणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला म्हणूनच निराशा येऊ शकते.

लेझरशी गल्लत नको

'सीओटू लेझर' हा उपचार पूर्णपणे वेगळा आहे. त्यात वायू शरीरात सोडत नाहीत. यंत्रातील वायूच्या साहाय्याने निर्माण झालेले अवरक्त किरण त्वचेचा वरचा थर नियंत्रितपणे जाळतात. हे लेझर 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी विकसित केले. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. दोन्ही उपचारांची नावे सारखी वाटली, तरी त्यांचे परिणाम, धोके आणि नंतर घ्यावयाची काळजी भिन्न आहे.

धोके आणि दक्षता

सूज, लालसरपणा आणि सुईच्या जागी काळानिळा डाग हे परिणाम सामान्यतः थोड्या दिवसांत ओसरतात. निर्जंतुकीकरणात हयगय झाल्यास मात्र जंतुसंसर्ग होऊ शकतो. गर्भवती स्त्रिया, हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेले रुग्ण, तीव्र रक्तक्षय किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्या व्यक्ती, तसेच त्या जागी संसर्ग असलेल्यांनी हा उपचार टाळावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये केशरोपण आणि सौंदर्यविषयक उपचारांबाबत सूचना जारी केल्या. कार्यशाळेला हजेरी लावणे किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे आयोगाने त्यात स्पष्ट केले होते. त्वचेखाली सुई जाते तेथे हा इशारा विशेष लागू पडतो.

त्यामुळे उपचार घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे हिताचे आहे. सुई कोण टोचणार आणि त्या व्यक्तीची वैद्यकीय पात्रता काय? वायू वैद्यकीय दर्जाचा आहे का? आपल्या तक्रारीचे मूळ कारण कोणते? आणि सुधारणा झालीच तर ती टिकवण्यासाठी पुन्हा किती वेळा यावे लागेल? त्वचेखाली सोडलेला वायू थोड्याच वेळात शरीराबाहेर निघून जातो. त्यानंतर काय उरणार, याचे स्पष्ट उत्तर मिळाल्यावरच पुढचा निर्णय घ्यावा.