भोपळ्याच्या बिया भाजण्याआधी

एअर फ्रायरमध्ये भोपळ्याच्या बिया करण्याच्या पाककृती बहुधा एकाच साच्यातल्या असतात. बिया धुवायच्या, तेल-मीठ-तिखट चोळायचं, यंत्र 180 अंशांवर लावायचं आणि दहा-बारा मिनिटांनी कुरकुरीत खाऊ तयार. प्रत्यक्षात बाहेर येतं ते कडांना करपलेलं आणि मध्ये चिवट. तिखट काळं पडलेलं असतं, टरफल दातांत अडकतं आणि आतला गर मऊच राहिलेला असतो. मग कोणी यंत्राला नावं ठेवतं, कोणी भोपळ्याला. खरी गफलत कामांच्या क्रमात असते. या पाककृती भाजणं आणि वाळवणं ही दोन कामं एकाच दमात, एकाच तापमानावर उरकू बघतात. बी कुरकुरीत होते ती मुख्यतः वाळल्यामुळे. भाजण्याने तिला रंग, वास आणि चव येते. हे दोन हिशेब वेगळे ठेवले तर एअर फ्रायर हे या कामाला फार चांगलं यंत्र आहे. एकत्र केले तर साधी कढईसुद्धा त्याच्यापेक्षा बरी.

असं का होतं ते बीच्या रचनेत आणि पाण्याच्या स्वभावात आहे. भोपळ्यातून नुकत्याच काढलेल्या बीला बाहेर जाड, लाकडी धाटणीचं टरफल असतं. त्याखाली हिरवट पातळ पापुद्रा आणि आत तेलकट गर. टरफलावर बुळबुळीत धागे चिकटलेले असतात, त्यात साखर असते. पाणी टरफलातही असतं आणि गरातही. हे पाणी आहे तोवर त्या भागाचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर चढत नाही, यंत्रावर आकडा कितीही मोठा दिसो. शिवाय पाण्याची वाफ करणं हे उष्णतेच्या दृष्टीने महागडं काम आहे. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण 293 ज्यूल लागतात, आणि त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला सुमारे 2260, म्हणजे जवळपास पावणेआठ पट. खरपूस वास आणि तपकिरी रंग देणारी प्रथिनं व शर्करा यांची प्रक्रिया 1912 मध्ये लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ती जोमाने चालते 140 अंशांच्या आसपास आणि त्यापुढे, तेही पृष्ठभाग कोरडा झाल्यावर. ओली बी 180 अंशांच्या वाऱ्यात ठेवली की बाहेरचा थर झटपट वाळतो, मायारची प्रक्रिया ओलांडून करपण्याकडे जातो, आणि आतलं पाणी मात्र त्या जाड टरफलातून वाट काढत बसलेलं असतं. दहा मिनिटांत त्याला ती वाट सापडत नाही.

एअर फ्रायर म्हणजे छोट्या बंद जागेत वर तापलेली कॉइल आणि तिच्यामागे जोरदार पंखा. फिलिप्सने 2010 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात असं यंत्र बाजारात आणलं आणि ते घराघरात पोचलं, पण पंख्याने गरम हवा फिरवणारे ओव्हन त्याच्या कितीतरी आधीपासून होते. पदार्थाभोवती साचलेला दमट हवेचा थर वारा सतत हटवतो, त्यामुळे पाणी लवकर उडतं, आणि उष्णता एकाच बाजूने न लागता चहूबाजूंनी लागते. चणे-फुटाण्यांच्या भट्टीत तापलेली वाळू जे काम करते, तेच इथे हवा करते. दाण्याची कुठलीच बाजू थंड राहत नाही. म्हणजे या यंत्राची खरी ताकद वाळवण्यात आहे, आणि जाहिराती मात्र बोलतात ‘तेलाशिवाय तळण्या’बद्दल. सोललेल्या भोपळाबीत 100 ग्रॅममध्ये सुमारे 49 ग्रॅम स्निग्धांश असतो. तिला बाहेरून तेल न लावल्याचं कौतुक ते किती करायचं! तेलाचा चमचा लागतो तो मसाला चिकटावा म्हणून, एवढंच.

आता पहिला आक्षेप. वाळवायचंच आहे तर जाणकार आधी बिया मिठाच्या पाण्यात उकळायला का सांगतात? हे उलटं वाटतं, पण त्याला कारणं आहेत. वाटीभर बियांना तीन वाट्या पाणी आणि चमचाभर मीठ, दहा मिनिटं मंद उकळी. यात चिकट धागे सुटतात, त्यांच्यातली साखर पाण्यात जाते आणि पुढे करपणारा ऐवजच कमी होतो. टरफलाचे तंतू गरम पाण्याने सैल पडतात, नंतर वाळले की ते चिवट न राहता तुकड्यांनी तुटतात. आणि मीठ टरफलाच्या आत मुरतं. वरून भुरभुरलेलं मीठ कोरड्या बीवर टिकत नाही, बास्केटच्या तळाशी जाऊन बसतं. उकळताना बीत जे जास्तीचं पाणी शिरतं ते बरंचसं टरफलात, वरवर असतं, आणि वरवरचं पाणी पंख्याखाली एका रात्रीत निघून जातं. ज्यांना घाई आहे त्यांनी उकळणं गाळलं तरी चालेल. वाळवणं मात्र गाळू नये.

वाळवायचं कसं, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको. कुरडया, पापड्या, सांडगे घालणाऱ्या गच्च्यांवर सुपात भोपळ्याच्या बियाही असायच्या. अडचण ऋतूची आहे. आपल्याकडे लाल भोपळ्याला खरी मागणी पितृपक्षात येते, श्राद्धाच्या स्वयंपाकात त्याची भाजी असतेच. ते दिवस भाद्रपदाच्या वद्य पक्षातले. पाऊस सरलेला नसतो, हवा ओलसर, ऊन भरवशाचं नाही. तेव्हा बिया सुती पंचावर एकेरी पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवाव्यात. कागदावर ठेवू नयेत, वाळताना त्या कागदाला घट्ट चिकटतात. सकाळी टरफलावरचा पारदर्शक पापुद्रा बोटाने चोळल्यावर सुटू लागला तर वरचं पाणी गेलं असं समजावं. बिया हाताला अजून दमट लागत असतील तर आणखी एक दिवस ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही, दमट बियांना बुरशी धरते. अशा वेळी एअर फ्रायर 80 अंशांवर अर्धा-पाऊण तास चालवावा. या तापमानाला काहीही भाजलं जात नाही, फक्त पाणी जातं.

त्यानंतरचं भाजणं अगदी सोपं आहे, आणि म्हणूनच त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. कोरड्या बियांना अगदी थोडं तेल चोळून 150 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी बास्केट हलवून. थर एकेरी, फार तर दीड. ढीग केला तर वाऱ्याला आत जाता येत नाही आणि यंत्राचा उपयोगच संपतो. हलक्या बिया पंख्याच्या झोताने उडून कॉइलला लागू शकतात, म्हणून वर स्टीलची छोटी जाळी दाबून ठेवावी. शेवटची तीन मिनिटं 160. प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा खोटं बोलतो, तेव्हा आकड्यापेक्षा आवाजावर विसंबावं. ओल्या बिया हलवल्या की थपथप वाजतात, झालेल्या बिया खडखडतात. गरम असताना बी नरमच लागते. ती निवू द्यावी आणि मग एक फोडून पाहावी. गर दातांखाली कट्कन तुटला तर झालं, दबला तर आणखी चार मिनिटं. मसाल्याचं म्हणाल तर मीठ आधीच मुरलेलं आहे. लाल तिखट, जिरेपूड, आमचूर, काळं मीठ यातलं काहीही भाजून झाल्यावर, बिया गरम असतानाच घालावं. तिखट सुरुवातीपासून वाऱ्यात फिरवलं तर ते कडू होतं आणि घरभर ठसका उठतो.

दुसरा आक्षेप कढईवाल्यांचा, आणि तो वजनदार आहे. मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत याच बिया होतात, पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत, मग काउंटरची जागा अडवणारं यंत्र कशाला? मूठभर बियांसाठी खरंच नको. भोपळाबी चपटी असल्यामुळे तिची एक बाजू तव्याला पूर्ण टेकते, आणि पाच-सात मिनिटं सतत परतायची तयारी असेल तर कढई सरस ठरते. प्रश्न येतो वाटी-दोन वाट्या बियांचा. तेव्हा खालच्या बिया तापतात, वरच्या वाट पाहतात, आणि करपू न देता आतपर्यंत वाळवायला वीस-पंचवीस मिनिटं कुणाला तरी तिथे उभं राहावं लागतं. ते उभं राहणं आजवर फुकटात धरलं गेलं, म्हणून कढई स्वस्त वाटते. विजेचा हिशेबही घाबरवणारा नाही. 1400 वॉटचं यंत्र 25 मिनिटं न थांबता चाललं तरी सुमारे 0.58 युनिट होतात, आणि तापमान गाठल्यावर कॉइल अधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. फक्त या बियांसाठी यंत्र विकत घ्यावं असं मात्र कोणी म्हणू नये.

तिसरी शंका टरफलाची, तीच सर्वांत महत्त्वाची. दुकानात पाकिटात मिळणाऱ्या गडद हिरव्या बिया आणि आपल्या भोपळ्यातल्या पांढरट बिया यांत लोक गल्लत करतात. पाकिटातल्या बिया एक तर सोललेल्या असतात किंवा जन्मतःच टरफल नसलेल्या वाणाच्या. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात एकोणिसाव्या शतकात असा वाण निपजला, आणि तिथल्या गडद हिरव्या बीतेलाला आज युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. हिरव्या बिया आधीच वाळलेल्या असल्याने त्यांना ना उकळणं लागतं ना रात्रभराचा पंखा. 150 अंशांवर पाच-सहा मिनिटांत त्या फुगून ताडताड उडू लागतात. त्यांना घरच्या बियांची वेळ लावली तर त्या जळतील. पोषणाचे आकडेही वेगळे आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार सोललेल्या बियांच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 30 ग्रॅम आणि मॅग्नेशियम 590 मिलिग्रॅमच्या आसपास. टरफलासकट भाजलेल्या बियांत प्रथिनं सुमारे 18.5 ग्रॅम, मॅग्नेशियम 262 मिलिग्रॅम, पण तंतू 18 ग्रॅमच्या वर. म्हणजे पाकिटावरचे आकडे घरच्या बियांना लावणं चूक आहे. जून, मोठ्या भोपळ्याच्या बीचं टरफल तर इतकं जाड असतं की उकळून, वाळवूनही ते सगळ्यांना मानवत नाही. अशा बिया सोलूनच खाव्यात. टरफलासकटच्या बिया मुठी-मुठीने खाल्ल्याने आतड्यात गोळा होऊन अडकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा लहान मुलांना त्या टरफलासकट देऊच नयेत.

एवढा खटाटोप करण्याइतकी ही बी मोलाची आहे का, असं विचारणाऱ्यांना भोपळ्याचा इतिहास सांगायला हवा. हे फळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात ग्विला नाकित्झ नावाच्या गुहेत सापडलेल्या बियांवरून त्याची लागवड सुमारे 10,000 वर्षांपूर्वी सुरू झाल्याचं दिसतं. त्या रानटी पूर्वजांचा गर कडूजहर होता. त्यामुळे माणसाने भोपळा जवळ केला तो बहुधा बियांसाठीच, असं अनेक अभ्यासक मानतात. गोड गर ही नंतरच्या निवडीची कमाई. घारग्यांसाठी भोपळा किसताना आपण जे कचऱ्यात टाकतो, त्याच्यासाठी हे पीक आधी पेरलं गेलं असावं.

भाजलेल्या बिया टिकण्याचा प्रश्नही पाण्याकडेच येतो. कोरडी बी हवेतली ओल ओढून घेते. असे कुरकुरीत पदार्थ 40-50 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर नरम पडू लागतात, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात ती 80 च्या पुढे असते. चिवडा सादळतो त्याच कारणाने बिया सादळतात. पूर्ण निवल्यावरच हवाबंद बरणीत भराव्यात, आणि सादळल्याच तर 120 अंशांवर चार-पाच मिनिटांत परत ताळ्यावर येतात. खवटपणा मात्र असा घालवता येत नाही. या तेलातली असंतृप्त आम्लं उष्णतेने आणि हवेने बिघडतात, आणि भाजणं 150-160 च्या मर्यादेत ठेवण्यामागचं तेही एक कारण आहे. म्हणून भाजलेल्या बिया दोन-तीन आठवड्यांपुरत्याच कराव्यात.

राहता राहिली तक्रार प्रमाणाची. मंडईत भोपळा फोडीने मिळतो, आणि अर्ध्या किलोच्या फोडीतून निघतात जेमतेम मूठभर बिया. तेवढ्यासाठी कोण यंत्र लावणार? वाळवणं आणि भाजणं एकाच दिवशी करायला हवं असं कुठे आहे? प्रत्येक फोडीच्या बिया धुऊन, उकळून, कडकडीत वाळवून फ्रिजमधल्या बरणीत टाकत जावं. न भाजलेली कोरडी बी भाजलेलीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. बरणी वाटीभर भरली की बास्केट लावावी.