तोंडचं पाणी पळवणारे मासे

माशांच्या दुकानात तुमचं मूल एका काचेपुढून हलायलाच तयार नाही. आत बोटभर लांबीचा पांढराशुभ्र मासा डोलतोय. अंगावर काळे ठिपके, जणू कुणी तीट लावली आहे. शेजारच्या टाकीत लायनफिश पिसारा पसरून उभा आहे. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, टाकीच्या मापानेच वाढतो तो."

पैसे देण्याआधी दोन मिनिटं थांबा. तो ठिपक्यांचा मासा म्हणजे पँथर ग्रूपर. आपल्याकडे मासळीबाजारात गोब्रा किंवा हेकरू म्हणून जे मासे येतात, त्याच घराण्यातला. पूर्ण वाढला की तो ७० सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन फुटांहून जास्त. टाकी लहान आहे म्हणून मासा लहान राहत नाही. तो कुढतो, आजारी पडतो आणि आयुष्य पुरं होण्याआधीच मरतो.

खाऱ्या पाण्यातले शिकारी मासे घरी पाळता येतात. पण आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या छंदातले जवळजवळ सगळे प्रश्न माशाच्या तोंडाशी येऊन थांबतात. त्या तोंडात जे मावेल ते तो गिळणार, त्यामुळे त्याचा शेजारी कोण हे तोंड ठरवतं. आणि जे पोटात गेलं ते पुढे पाण्यात उतरणार, त्यामुळे पाणी किती दिवस चांगलं राहील हेही तोंडच ठरवतं.

आधी जमीन, मग समुद्र

मध्यम आकाराच्या दोन-तीन शिकारी माशांसाठी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी ही सुरुवात समजा. तिच्यात सुमारे ८५० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून वजन एक टनाच्या पुढे जातं. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, तर टाकी कुठे ठेवायची हे सोफ्याच्या रंगावरून ठरवू नका. इमारतीचं बांधकाम समजणाऱ्या इंजिनिअरला विचारूनच जागा पक्की करा.

टाकीखाली दुसरी छोटी टाकी लागते. तिला सम्प म्हणतात. फिल्टर आणि प्रोटीन स्किमर तिथे बसतात. स्किमर पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो. पाण्यातली चिकट घाण त्या बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर येते आणि कपात जमा होते. भरपूर खाणाऱ्या माशांसाठी स्किमर टाकीच्या क्षमतेपेक्षा एक माप मोठाच घ्या.

पाण्याला विरजण लावा

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो माशांसाठी विष आहे. त्यातून समुद्राच्या पाण्याचा पीएच जास्त असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा इथे त्याचा त्रास अधिक होतो. सुदैवाने काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच प्रमाणात सोसण्याजोगं असतं.

हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दह्याचं विरजण लावल्यासारखंच आहे हे. घाई केली तर दही लागत नाही आणि दूधही वाया जातं. टाकीत मासा न सोडता कोळंबीचा एखादा तुकडा टाका आणि खाऱ्या पाण्याच्या टेस्ट किटने पाणी तपासत राहा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही खाली येऊन शून्यावर टिकले, की पाणी तयार झालं. एखाद्या निरोगी, जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला, तर विरजण लवकर लागतं.

पुढेही दर आठवड्याला तपासायचे आकडे असे:

• अमोनिया आणि नायट्राइट: शून्य
• नायट्रेट: ४० पीपीएमच्या आत, २० च्या आत असेल तर उत्तम
• पीएच: ८.१ ते ८.४
• खारेपणा: विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५
• तापमान: २४ ते २६ अंश सेल्सिअस

मीठ, बादली आणि मे महिना

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा नाहीतर मुंबईत समुद्रासमोर, पाणी घरीच बनवलेलं बरं. किनाऱ्यावरच्या पाण्यात शहराचं सांडपाणी असू शकतं. आरओचं पाणी घ्या आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठ घाला. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसारखे इतरही क्षार असतात. लिटरला साधारण ३५ ग्रॅम हे प्रमाण धरा. वेगळ्या पिंपात पंप लावून एक दिवस पाणी फिरू द्या. मग रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा मोजा आणि मगच ते टाकीत घाला.

दर पंधरा दिवसांनी १५ टक्के पाणी बदलायचं, तर ८०० लिटरमागे १२० लिटर पाणी आणि चार किलोच्या वर मीठ झालं. हा खर्च दर पंधरवड्याचा आहे. त्यात विजेचं बिल मिळवा आणि टाकी घेण्याआधीच हिशेब मांडा. आरओमधून वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि संडासात वापरता येतं.

नवशिक्यांची नेहमीची चूक अशी, की टाकीतलं पाणी उडून कमी झालं की ते वरून खारं पाणी घालतात. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओचं पाणी घालायचं. मे महिन्यात हे काम रोजचंच होतं.

उन्हाळ्यात आणखी एक संकट येतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मोठ्या माशांना तर तो जास्तच लागतो. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत चिलरशिवाय निभाव लागत नाही. वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे मासे आणि जिवाणू दोघांचाही श्वास कोंडला. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. वीज वारंवार जात असेल, तर फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर घ्या.

आग्रह करून वाढू नका

पाहुण्याला आग्रह करकरून वाढणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. या पाहुण्यांच्या बाबतीत मात्र तो आग्रह आवरा. मोठ्या लायनफिशला किंवा ईलला आठवड्यातून दोन-तीन वेळा खायला घातलं तरी पुरतं. वाढत्या पिल्लांना थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यावं लागतं. मासा काचेशी येऊन आ वासतो, त्याचा अर्थ प्रत्येक वेळी तो उपाशी आहे असा नसतो. तुम्ही आलात की अन्न येतं, एवढं तो शिकलेला असतो.

कोळंबी, माकूळ, तिसऱ्या, मांदेली यांचे तोंडात मावतील असे तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. द्यायच्या आधी ते वितळवून धुवून घ्या, म्हणजे सुटलेलं पाणी टाकीत जाणार नाही. लांब चिमट्याने भरवा आणि उरलेला तुकडा लगेच काढून घ्या. दगडाखाली राहिलेली एकच कोळंबी दोन दिवसांत अमोनिया वाढवू शकते.

"शिकारी आहे, त्याला जिवंत गोल्डफिश घाला," असा सल्ला मिळेल. तो मानू नका. गोल्डफिशमध्ये थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं. सतत तेच खाल्लं तर माशाला या जीवनसत्त्वाची कमतरता होते. शिवाय बाहेरचे रोग टाकीत येतात ते वेगळेच. अन्न आलटून पालटून द्या.

शेजारी निवडताना

कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयाने २००४ मध्ये एक लहान ग्रेट व्हाइट शार्क मादी ठेवली होती. टाकी लाखो लिटरची आणि सांभाळणारे जगातले नावाजलेले तज्ज्ञ. १९८ दिवसांनी, मार्च २००५ मध्ये, तिला समुद्रात सोडावं लागलं, कारण तिने टाकीतल्या दुसऱ्या जातीच्या दोन शार्कवर हल्ला केला आणि त्या मेल्या. तिथे जे जमलं नाही, ते आपल्या दिवाणखान्यात नशिबावर सोडू नका.

पहिला नियम तोंडाचा. लायनफिश स्वतःच्या जवळपास निम्म्या लांबीचा मासा गिळू शकतो. क्लाउनफिश, डॅमसेल, छोटी कोळंबी हे त्याच्या लेखी शेजारी नाहीत, नाश्ता आहे. मोजताना दुकानातली लांबी धरू नका, दोन्ही माशांची पूर्ण वाढीची लांबी धरा.

दुसरा नियम स्वभावाचा. सगळे शिकारी एका जातकुळीचे नसतात. लायनफिश संथ असतो, दबा धरून बसतो. ट्रिगरफिश आणि कोकणात ज्याला केंड म्हणतात तो पफर यांचे दात मजबूत असतात आणि समोर डुलणारे लांब पंख कुरतडायची त्यांना सवय असते. हे दोघे लायनफिशबरोबर नकोत. म्हणून आधीच ठरवा, टाकी शांत हवी की दांडगटांची.

शांत टाकीत एक लायनफिश, एक स्नोफ्लेक मोरे ईल आणि एक मोठा फॉक्सफेस चांगले नांदतात. स्नोफ्लेक ईलचे दात बोथट असतात आणि ती मुख्यतः खेकडे-कोळंबीवर जगते, माशांच्या मागे फारशी लागत नाही. पण बोटभर फटीतूनही ती बाहेर निसटते, म्हणून झाकण घट्ट हवं. फॉक्सफेस शाकाहारी आहे आणि त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात, त्यामुळे त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

दांडगटांच्या टाकीत नायजर ट्रिगर, पोर्क्युपाइन पफर यांच्यासारखे मासे येतात. क्लाउन ट्रिगर दिसायला देखणा, पण मोठा झाला की टाकीतल्या कुणालाही जगू देईनासा होतो. तो एकटाच ठेवण्याजोगा. पफरचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला कवचासकट तिसऱ्या द्या. आणि तो फुगतो ते पाहायला गंमत म्हणून त्याला कधीही घाबरवू नका.

तिसरा नियम क्रमाचा. बुजरा मासा आधी, दांडगट शेवटी. दोन माशांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवा, कारण नव्या पाहुण्याची घाण पेलण्याइतके जिवाणू वाढायला वेळ लागतो. दरम्यान नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तांब्याचं औषध तिथेच द्या. मुख्य टाकीत ते दिलं तर दगडावरचे बारीक जीव मरतात आणि पाणी बिघडतं.

काही जीवांचा विचारच नको. बांबू शार्कचं पिल्लू दुकानात वीतभर दिसतं, पण पुढे सुमारे एक मीटर होतं. समुद्री घोडे, प्रवाळ आणि जायंट ग्रूपर यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं, १९७२ च्या, संरक्षण आहे. कुणी विकत असेल तरी घेऊ नका.

घरच्यांसाठी दोन सूचना

लायनफिशच्या पाठीवरचे आणि पोटाकडचे काटे विषारी असतात. टाकीत हात घालताना तो कुठे आहे हे आधी पाहा. मुलांनी हात घालायचाच नाही. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा, कारण हे विष उष्णतेने निकामी होतं. पाण्याचा चटका बसणार नाही हे मात्र दुसऱ्याने हात घालून पाहावं. आणि मग डॉक्टरांकडे जा.

दुसरी सूचना, मासा नकोसा झाला म्हणून समुद्रात सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९८५ मध्ये पहिला लायनफिश सापडला. तो मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासून ही सुरुवात झाली असं मानलं जातं. आज कॅरिबियनभर ते पसरलेत आणि तिथले लहान मासे फस्त करताहेत. सांभाळणं जमत नसेल, तर दुकानाला किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्या.

दुकानातले हे मासे बहुतेक करून समुद्रातून पकडूनच आणलेले असतात. कुठल्याशा प्रवाळातली कपार सोडून तो मासा तुमच्याकडे येतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षंसुद्धा जगतो. आज आठ वर्षांचं असलेलं तुमचं मूल तोवर कॉलेजात गेलेलं असेल. तेव्हाही पाणी कोण बदलणार, याचं उत्तर घरात आधी ठरू द्या.

उत्तर मिळालं, तर पहिल्या दिवशी घरी फक्त टाकी, दगड आणि मीठ आणा. मूल रोज विचारेल, "मासा कधी येणार?" त्याच्या हातात टेस्ट किटची नळी द्या, पाण्याचा रंग तक्त्याशी ताडून पाहायला शिकवा आणि सांगा, पाणी तयार झालं की. सहा आठवडे त्याने हे न कंटाळता केलं, तर तो ठिपक्यांचा नको, पण एखादा मासा तुमच्या घरात सुखाने राहील.