नोकरी-संसार सांभाळून २०० किलोमीटर सायकल?

लांब पल्ल्याची सायकल म्हणजे रिकामटेकड्यांचा किंवा खेळाडूंचा छंद, असा समज आहे. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी, तिचे नियम पाहिले तर हा समज टिकत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४०. म्हणजे चहा-जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी सरासरी १५ किलोमीटर पुरतात. शिवाय ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणी-ठिकाणी, कार्डावर नोंद करत वेळेत पोचलात की झालं. सकाळी ६ला निघालेल्याचे २०० किलोमीटर संध्याकाळी साडेसातपर्यंत, म्हणजे एका रविवारात बसतात.

सरावाला वेळ कुठून आणायचा? ऑफिस दहा किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन पाच दिवसांत शंभर किलोमीटर होतात, वेगळा वेळ न काढता. मोठ्या अंतरांत लागणाऱ्या रात्रीच्या रस्त्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं. सोबतीचाही इथे खरा उपयोग होतो: चार दिवे लांबून दिसतात आणि झोप आलेल्याला कुणीतरी थांबवतं. घरच्यांचा रविवार जातो, हा आक्षेपही खरा. पण वर्षाला दोन-तीनच ब्रेव्हे निवडून तारखा आधी घरी ठरवल्या, तर छंद संसाराच्या मुळावर येत नाही.