दहा दिवसांचे दुकानदार

‘अनएक्स्पेक्टेड बिझनेस’ या कोरियन कार्यक्रमात ना प्रेमकथा आहे, ना खून. टीव्हीएन वाहिनीवर तो 2021 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. गांगवॉन प्रांतात, उत्तर कोरियाच्या सीमेलगत ह्वाछॉन नावाचा भाग आहे. तिथल्या एका खेड्यातलं किराणा दुकान दोन नट दहा दिवस चालवतात आणि मालकीणबाई तेवढे दिवस सुट्टीवर जातात. बस्स, एवढंच कथानक.

चा ते-ह्यून गल्ल्यावर, जो इन-सॉन्ग चुलीपाशी. दोघंही कोरियात घरोघरी ओळखीचे. पण गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ओळखीचा काही उपयोग होत नाही. ही वस्तू कुठल्या फळीवर, तिचा भाव काय, सगळं मालकीणबाईंच्या डोक्यात, आणि त्या तर निघून गेलेल्या. मग गिऱ्हाईकच भाव सांगतं, स्वतः आत जाऊन वस्तू काढून आणतं आणि पैसे पुढे करतं. मला या कार्यक्रमात सगळ्यात जास्त हेच आवडलं. शिकवायला गाव आणि शिकायला नट! एरवी टीव्हीवर खेडं दिसतं ते शहरी पाहुण्यांच्या मागची हिरवळ म्हणून.

दुकानही नुसतं किराण्याचं नाही. बसचं तिकीट तिथेच मिळतं. दोन-तीन टेबलं मांडलेली असतात. सहा फुटांहून उंच जो इन-सॉन्ग तिथे खेकडा घातलेलं राम्योन, म्हणजे कोरियन नूडल्स, रांधतो. संध्याकाळी लोक दारूचा पेला घेऊन बसतात तेव्हा तो फारसं बोलत नाही, नेमकं काहीतरी विचारतो आणि गप्प राहतो. समोरचा माणूस मग मुलांचं, कामाचं, आजारपणाचं सांगत जातो. मुलाखत घेणाऱ्यांनी हे बारकाईने पाहावं.

हे सारं आपोआप घडत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. कोपऱ्याकोपऱ्यात छोटे कॅमेरे बसवलेले असतात, त्यामुळे गावकऱ्यांच्या तोंडासमोर कोणी कॅमेरा धरून उभं नसतं. नंतर संकलनात पडद्यावर रंगीत वाक्यं येतात; कधी चिमटे काढतात, कधी नुसतं नाव-गाव सांगतात. कधीकधी ती अती होतात. कुणाचे डोळे पाणावले की लगेच पियानो वाजलाच पाहिजे का? मदतनीस म्हणून पाहुणे कलाकारही येतात. पहिली आली पार्क बो-यंग. 2008 च्या एका सिनेमात ती चा ते-ह्यूनची मुलगी झाली होती.

एक गोष्ट मात्र कार्यक्रम हळूच ओलांडून जातो. पाळीपाळीने पाहुणे हाताशी असूनही हे दोघं रात्री दमून जातात. दहा दिवसांनी ते घरी जाणार. मालकीणबाई हेच काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत आणि परतल्यावर पुन्हा करणार आहेत.

2022 मध्ये दुसरं पर्व दक्षिणेकडे, नाजू शहराच्या हद्दीतल्या गोंगसानला झालं. दुकान मोठं, मांसविक्रीचा कट्टाही होता. गाव मात्र तसंच बोलकं. 2023 चं तिसरं पर्व थेट कॅलिफोर्नियात, मरीना या गावी गेलं. तिथे किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, वळता वळता सगळ्यांचा दिवस संपतो आणि गप्पांना वेळच उरत नाही. तेव्हा पाहायचंच असेल तर पहिलं पर्व पाहा. तिसरं सोडलंत तरी चालेल.