रविवारचे रोमन शिपाई

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटे येतात, जुनी नाणी येतात, फार तर गच्चीवरची बाग. पण आठवडाभर बँकेत किंवा शाळेत इमानेइतबारे नोकरी करणारा चाळिशीतला गृहस्थ शनिवारी सकाळी मोटारीच्या डिकीत लोखंडी चिलखत टाकतो, खिळे ठोकलेली पायताणे आणि मीटरभर उंचीची ढाल बरोबर घेतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन फौजेत दोन दिवसांसाठी दाखल होतो, असे कुणी सांगितले तर? ब्रिटन, जर्मनी, इटली, स्पेन, अमेरिका अशा अनेक देशांत आज या हौशी शिपायांची पथके आहेत. हुकूम लॅटिनमध्ये सुटतात, रांगा धरल्या जातात, डोक्यावर ढाली जुळवून ‘कासव’ रचले जाते आणि दुपारी तंबूबाहेर जात्यावर गहू दळले जातात. रविवारी संध्याकाळी सगळे पुन्हा शर्ट-पॅन्ट चढवून आपापल्या घरी!

या प्रकाराला इंग्रजीत री-एनॅक्टमेंट म्हणतात. आपल्याकडे ऐतिहासिक नाटकात मावळ्याचा वेष करतात, त्याच जातीचा हा खेळ असेल अशी पहिली समजूत होते. ती अर्धीच खरी. नाटकातली तलवार पत्र्याची असली तरी भागते, कारण ती लांबून दिसण्यापुरती असते. इथे मात्र वस्तू जशी होती तशी हवी, त्याच वजनाची हवी आणि शक्यतो त्याच रीतीने घडवलेली हवी, असा आग्रह असतो. निदान चांगल्या पथकांत तरी असतो. आणि या आग्रहापायीच, पुस्तकात डोके खुपसून न सुटलेली काही कोडी या हौशी मंडळींच्या हातून सुटली आहेत.

एका पेटीतले चिलखत

इंग्लंडच्या उत्तरेला, सम्राट हेड्रियनने बांधलेल्या प्रसिद्ध भिंतीजवळ, कॉर्ब्रिज नावाचे गाव आहे. १९६४ साली तिथल्या उत्खननात लोखंडी पट्ट्या मारलेली एक लाकडी पेटी सापडली. आत चिलखतांचे गंजलेले भाग, भाल्यांची पाती, अवजारे असा ऐवज होता. रोमन शिपायाचे पट्ट्यापट्ट्यांचे चिलखत काही नवे नव्हते. रोममध्ये इसवी सन ११३ मध्ये उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावर ते ठायी ठायी कोरलेले आहे. पण या पट्ट्या एकमेकींना जोडत कशा, हे दगडातल्या चित्रावरून नीट उलगडत नव्हते. लंडन टॉवरमधल्या शस्त्रागाराचे एच. रसेल रॉबिन्सन यांनी कॉर्ब्रिजच्या तुकड्यांवरून ते चिलखत पुन्हा उभे केले. पट्ट्या आतल्या बाजूने कातड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने बसवलेल्या असत. त्यामुळे माणूस वाकला की त्या एकमेकींवर सरकत. १९७५ साली रॉबिन्सन यांचा रोमन चिलखतांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हौशी मंडळींना जणू शिंप्याचे माप मिळाले! गंमत म्हणजे ‘लोरिका सेग्मेंटाटा’ हे या चिलखताचे भारदस्त लॅटिन नाव रोमनांनी दिलेलेच नाही. ते कितीतरी शतकांनंतर अभ्यासकांनी ठेवले.

त्याच सुमारास ग्लॉस्टरशायरमध्ये विटकम आणि बेंथम या गावांतल्या लोकांनी स्थानिक इतिहासावरच्या एका कार्यक्रमाच्या निमित्ताने रोमन शिपायांचे पथक काढले. वर्ष होते १९७२. जवळून गेलेल्या रोमन रस्त्याच्या नावावरून पथकाला ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ असे नाव मिळाले. या प्रकारच्या पथकांमधले ते अगदी सुरुवातीचे. गावच्या समारंभापुरते सुरू झालेले हे काम पुढे इतके वाढले, की वस्तुसंग्रहालये आणि पुरातत्त्व खाते त्यांना प्रात्यक्षिकांसाठी बोलावू लागले.

घातल्याशिवाय कळत नाही

वस्तू नुसती पाहणे वेगळे आणि ती अंगावर घालून दिवसभर उन्हात उभे राहणे वेगळे. चिलखताचेच पाहा. रोमन छावण्यांच्या जागी पितळेच्या लहान लहान बिजागऱ्या, बकले, आकडे ढिगाने सापडतात. हा चिलखताचा साज इतका का हरवत असेल? री-एनॅक्टमेंटवाल्यांना हे पहिल्या मोसमातच कळते. हात जोरात वर केला, की खांद्याची बिजागरी तुटते. पातळ पितळ ते, किती ताण सोसणार? पुढच्या काळातल्या चिलखतांत हे नाजूक साज कमी होऊन जोडणी साधी झालेली दिसते. कुठल्या तरी वैतागलेल्या शिपायाने शस्त्रशाळेतल्या कारागिराला बरेच सुनावले असणार!

ट्रेजनच्या स्तंभावरच्या शिपायांच्या गळ्यात उपरण्यासारखे एक फडके दिसते. ते शोभेसाठी नव्हे. लोखंडाची कड मानेला काचू लागली, की दुपारपर्यंत माणूस स्वतःच काहीतरी गुंडाळायला शोधतो. चिलखताखाली जाड अस्तराची बंडी नसेल तर खांदे सोलून निघतात, हेही असेच अनुभवाने कळलेले.

पायताणांची कथा तर रक्ताने लिहिलेली आहे. रोमन पायताणाच्या तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले असत. चिखलात, गवतात ते घट्ट रोवतात, पण गुळगुळीत फरशीवर पाय सर्रकन घसरतो. इतिहासकार जोसेफस याने इसवी सन ७० मधल्या जेरुसलेमच्या वेढ्यातला एक प्रसंग सांगितला आहे. जुलियानस नावाचा सेंच्युरियन, म्हणजे शिवकालीन पायदळातल्या जुमलेदाराच्या तोलाचा अधिकारी, एकटा शत्रूवर तुटून पडला. लोक त्याच्यापुढे पळत सुटले. पण मंदिराच्या फरसबंदीवर त्याचे खिळ्यांचे पायताण घसरले, तो चिलखतासकट आदळला आणि तिथेच मारला गेला. वस्तुसंग्रहालयाच्या संगमरवरी दालनात जपून पावले टाकणाऱ्या आजच्या शिपायाला जोसेफसची साक्ष वेगळी काढावी लागत नाही.

असे प्रयोग काहींनी फार पुढे नेले. मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकाराने १९८५ साली काही साथीदारांसह इटलीतल्या व्हेरोनापासून जर्मनीतल्या आउग्सबुर्गपर्यंत, म्हणजे मधला आल्प्स ओलांडून, रोमन शिपायाच्या वेषात आणि ओझ्यासह पायी कूच केले. नव्या शिपायाने उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर चालले पाहिजे, असे वेजिटियस हा रोमन लेखक सांगतो. (रोमनांचा उन्हाळ्यातला तास आपल्यापेक्षा लांब असे, एवढाच काय तो दिलासा.) पायात फोड आल्यावर हे वाक्य निराळे वाचले जाते.

घोडेस्वारांचे कोडे आणखी मोठे होते. रोमनांना रिकीब ठाऊक नव्हती. मग रिकिबीवाचून स्वार भाला कसा चालवत असेल? ब्रिटिश चित्रकार आणि संशोधक पीटर कॉनोली यांनी चार शिंगांचे रोमन खोगीर नव्याने तयार करून पाहिले. पुढची दोन शिंगे मांड्यांना आणि मागची दोन कमरेला असा काही आधार देतात, की स्वार सहजासहजी हलत नाही. चित्रपटांत मात्र अजूनही रोमन सेनापती खुशाल रिकिबीत पाय घालून दौडत असतात.

सुई की आकडा?

हा सगळा पुरुषांचा कारभार, असे वाटेल. पण या छंदात कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात. सैन्याच्या छावणीबाहेर वस्ती असे. तिथले विणकर, वैद्य, दुकानदार, बायका-मुले यांची भूमिका कुणीतरी करायचीच असते. आणि घरगुती बाजूनेही विद्वानांना धडे मिळाले आहेत. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॅनेट स्टीफन्स या व्यवसायाने केशरचनाकार. रोमन राण्यांच्या पुतळ्यांवरचे ते उंच, गुंतागुंतीचे अंबाडे पाहून त्यांनी ते खऱ्या केसांवर करून पाहायचे ठरवले. नुसत्या आकड्यांवर ते टिकेनात. लॅटिन ग्रंथांत केसांच्या संदर्भात येणाऱ्या ‘आकुस’ या शब्दाचा अर्थ अभ्यासक केसांचा आकडा असा लावत आले होते. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे सुई! स्टीफन्स यांनी चक्क सुई-दोऱ्याने वेण्या टाचल्या आणि अंबाडा जागेवर बसला. ते केस बायकांचे स्वतःचे नसून टोप असावेत, हा तर्क मग कशाला हवा? २००८ साली रोमन पुरातत्त्वाच्या एका नामांकित संशोधन-पत्रिकेने त्यांचा लेख छापला. ज्या हातांनी रोज केस विंचरले, त्या हातांना जे कळले ते ग्रंथालयात बसून कळले नव्हते.

मेरठचे शिरस्त्राण

आता खर्चाचे. नवख्याने आधी नुसते पाहावे, असा सल्ला जुनी मंडळी देतात. मग लोकरीचा अंगरखा, पायताण, कमरपट्टा एवढ्यावर सुरुवात. चिलखत बहुधा पहिल्यांदा पथकाकडून उसने मिळते. स्वतःचे करायचे तर हजारो कड्या एकेक करून ओवायच्या, एकाआड एक ओळीतल्या कड्यांना रिव्हेट मारायचा. कित्येक महिन्यांच्या रात्री त्यात जातात आणि घरच्या माणसांचा संयमही. दिवाणखान्यात ढाल, न्हाणीघरात लोकर रंगवायची बादली आणि रविवारी बाबा घरी नाहीत, असे झाले की कुरबुर ही व्हायचीच. म्हणून तर पुष्कळ जण बायको-मुलांनाही छावणीत घेऊन जातात!

ज्यांना घडवायला वेळ नाही, ते विकत घेतात. आणि इथे भारताचा संबंध येतो. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच ‘रोमन’ शिपायांच्या डोक्यावरची शिरस्त्राणे उत्तर प्रदेशातल्या मेरठमध्ये घडलेली असतात. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी १९४३ साली गुरखा पलटणींसाठी खुकऱ्या करण्यापासून सुरू झाली. पुढे तिच्या तलवारी परदेशातल्या हौशी मंडळींपर्यंत आणि चित्रपटांपर्यंत पोहोचल्या. रोमचा सम्राट भारतातून मिरी आणि मलमल मागवत होता. आता रोमचा शिपाई चिलखत मागवतो, एवढाच फरक! अर्थात काटेकोर मंडळी तयार माल तसाच घालत नाहीत. एखादी कड बदल, एखादा रिव्हेट हलव, असे करून तो संग्रहालयातल्या नमुन्याशी जुळवून घेतात.

जुळवण्यावरून वाद होतात ते मात्र भयंकर. शिपायाचा अंगरखा लाल की पांढरा? सिनेमाने आपल्या डोळ्यांत लाल रंग भरला आहे. मंजिष्ठेचा लाल रंग रोमनांना येत होता, पण साऱ्या फौजेला लाल गणवेष होता असे ठामपणे सांगणारा पुरावा नाही. बिनरंगी लोकरीच्या बाजूनेही तितकीच चित्रे आणि उल्लेख काढून दाखवता येतात. यावरून पथकांत वितुष्ट आल्याचेही ऐकू येते. हसू येईल, पण या भांडणातच छंदाची खरी परीक्षा आहे. ढाल धरून उभ्या असलेल्या माणसाला शाळेतला मुलगा विचारतो, “काका, हे असेच होते?” त्या वेळी “हे नक्की असेच होते, ते बहुधा असे असावे आणि हे आम्हाला माहीत नाही” असे तीन कप्पे करून उत्तर देणारा खरा. बाकीचे वेषधारी. रोममध्ये कोलोसियमबाहेर पर्यटकांबरोबर फोटो काढून पैसे घेणारे सेंच्युरियन त्यातलेच. त्यांच्यावर २०१५ साली नगर-प्रशासनाने बंदीही घातली होती. त्याच शहरात १९९४ मध्ये स्थापन झालेला ‘ग्रुप्पो स्तोरिको रोमानो’ दरवर्षी २१ एप्रिलला, रोमच्या वर्धापनदिनी, मिरवणूक काढतो. दोघांचे शिरस्त्राण लांबून सारखेच चमकते.

आणि एक गोष्ट कुठल्याच चिलखतात बसत नाही, ती म्हणजे भीती. इथे संध्याकाळी सगळे जिवंत घरी जातात. ज्या फौजेची नक्कल करायची तिने गावे जाळली, माणसे गुलाम करून बाजारात उभी केली. ट्रेजनच्या स्तंभावर शत्रूची कापलेली मुंडकी सम्राटापुढे धरणारे शिपाईही कोरलेले आहेत. शिस्तीच्या कौतुकात हे झाकले जाऊ नये, असे समजदार पथकांना वाटते. रोमानियात आल्बा युलिया येथे भरणाऱ्या उत्सवात रोमनांसमोर डेशियन लोकही उभे असतात, म्हणजे ज्यांच्या पराभवाची कथा त्या स्तंभावर आहे त्यांचेच वेष घेतलेली माणसे. हरलेल्यांची बाजू करायलाही तितकीच माणसे मिळावीत, हे चांगले लक्षण.

जे परत उभे करता येते ते मात्र फार साधे असते. हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा या ठाण्यात १९७३ पासून लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. त्यातल्या एकात कुणीतरी छावणीतल्या आपल्या माणसाला मोजे, दोन जोड वहाणा आणि दोन चड्ड्या पाठवल्याचे कळवले आहे. उत्तर इंग्लंडच्या थंडीत कुडकुडणाऱ्या आजच्या रोमन शिपायांनी हा पुरावा हातोहात उचलला. पायताणात मोजे घालायची सोय झाली! पण मोजे कसले? दोन सुयांचे विणकाम त्या काळी नव्हते. इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकलेले रोमनकाळातले मोजे एकाच सुईने गाठी घालत केलेले आहेत आणि वहाणेचा अंगठा बसावा म्हणून त्यांची बोटे दुभागलेली आहेत. ती एका सुईची रीत आता छावण्यांतून शिकवली जाते. तंबूच्या दाराशी ढाल टेकवून, लोखंडी चिलखत घातलेला धिप्पाड सेंच्युरियन मांडीवर लोकर घेऊन मोज्याची टाच वळवत बसलेला दिसला, तर नवल वाटून घ्यायचे कारण नाही.